कोतवाल, कोठडी आणि टाळ्या

१ जुलै २०२४ रोजी १८७२ चा भारतीय पुरावा कायदा निवृत्त झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. नव्या कायद्याची प्रत हाती आल्यावर मी सर्वांत आधी शोधले ते जुने कलम २५. ते शिल्लक होते. त्याचा क्रमांक आता २३ झाला आहे आणि शेजारची २६ व २७ ही कलमेही त्याच्याच पोटात घेतली आहेत. पण आशयाला धक्का लागलेला नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, असे हे कलम सांगते.

सवयीमुळे आपल्याला यातले नवल जाणवत नाही. सरकार पोलिसाला गणवेश देते, अटकेचा, झडतीचा, जप्तीचा अधिकार देते, प्रसंगी गोळी झाडण्याचीही मुभा देते. आणि तेच सरकार न्यायालयाला सांगते की, या माणसासमोर आरोपी ‘होय, मीच केले’ असे म्हणाला असेल, तर ते ऐकू नका. आरोपीला मारले होते की नाही, याची चौकशीही करायची नाही. समोर पोलीस होता, एवढेच पुरेसे आहे. डॉक्टर, तलाठी, शिक्षक, यांच्यापैकी कुणाबद्दलही कायद्याने असा सरसकट अविश्वास लिहून ठेवलेला नाही.

मी कायद्याचा पदवीधर नाही. तरुणपणी तालुक्याच्या न्यायालयासमोर एका फौजदारी वकिलांकडे काही वर्षे टंकलेखन केले. दोषारोपपत्रांच्या नकला काढता काढता त्या वाचायची खोड लागली, आणि पुढे जे काही वाचले ते त्या खोडीपायी. त्या काळापासून एक प्रश्न मनात आहे. कायदा गेली दीडशेहून अधिक वर्षे पोलिसाच्या हाताकडे संशयाने पाहतो आहे. मग तोच हात उगारला गेला की आपण लोक टाळ्या कधीपासून वाजवू लागलो? कारण पूर्वी आपण वाजवत नव्हतो.

मराठी मुलखात पोलिसी जुलमाची गोष्ट निघाली की पहिले नाव येते घाशीरामाचे. घाशीराम सावळादास हा उत्तरेकडचा ब्राह्मण, नाना फडणवीसांच्या मर्जीतला, १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. त्याच्या चौदा वर्षांच्या कारभाराबद्दल बऱ्यावाईट पुष्कळ कथा आहेत; शहराचा बंदोबस्त त्याने चोख ठेवला, असेही सांगतात. त्याचा शेवट मात्र एका ठरावीक घटनेने झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले सुमारे पस्तीस तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेपाशी उतरले होते. त्यांनी बागेतली फळे तोडली, असा आळ आला. कोतवालाच्या माणसांनी त्यांना धरून एका कोंदट, अपुऱ्या जागेत कोंडले. दार उघडले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

आपण ही गोष्ट ऐकतो ती पेशवाईच्या उत्तरकाळातल्या अनाचाराची म्हणून. आजच्या भाषेत मात्र हे सरळसरळ कोठडीतील मृत्यूंचे प्रकरण आहे: किरकोळ चोरीचा संशय, कसलीही चौकशी नाही, कोंडलेली माणसे आणि सकाळी प्रेते. पुढचा भागही ओळखीचा वाटावा असा. जमाव नानांच्या दाराशी गेला आणि न्याय मागू लागला. मंडळी हटेनात, तेव्हा नानांनी आपल्या माणसावरचा हात काढून घेतला. घाशीरामाची धिंड निघाली आणि त्याला तेलंगी ब्राह्मणांच्या ताब्यात दिले गेले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता; त्यानेही या प्रकरणाची हकिकत लिहून ठेवली आहे.

त्या जमावाच्या मनात कोतवालाबद्दल आदराचा लवलेशही नव्हता. ‘त्याने चोरच कोंडले होते ना?’ असे विचारणारा कुणी त्या गर्दीत उभा राहिल्याचे दिसत नाही. पण कोठडीतल्या मृत्यूंना उत्तर म्हणून त्या जमावाला जे हवे होते, तेही चौकशीविना मरणच होते. हा धागा मी इथे सोडतो. पुढे तो पुन्हा लागेल.

इंग्रजी अमलात पोलिसावरचा अविश्वास कायद्याच्या पुस्तकात कसा शिरला, याची कथा मद्रासेत सुरू होते. कंपनी सरकारच्या राज्यात सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी रयतेचा छळ होतो, अशी तक्रार १८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गाजली. चौकशीसाठी मद्रासेत आयोग नेमला गेला आणि १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला. बोटे चिमट्यात आवळणारी लाकडी ‘किट्टी’, मान वाकवून पायांशी बांधण्याचा ‘अनंदाल’, डोळ्यांत मिरचीची पूड, असे छळाचे प्रकार त्यात नोंदलेले आहेत. छळ सर्रास चालतो, हे आयोगाने मान्य केले. मात्र दोषाचा मोठा वाटा देशी शिपायांच्या माथी मारून गोऱ्या साहेबांना बरेचसे मोकळे सोडले. १८५७ च्या धामधुमीत लंडनमध्ये बसलेल्या कार्ल मार्क्सने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये याच अहवालावर लिहिताना नेमके या मोकळे सोडण्यावर बोट ठेवले होते.

या सगळ्यातून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती तरतूद आली: पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुरावा नव्हे. गंमत अशी की, देशभराच्या पोलिसांचा सांगाडा ठरवणारा पोलीस कायदाही १८६१ चाच. ज्या वर्षी दल उभे केले, त्याच वर्षी त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असेही लिहून ठेवले. पुढे १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुरावा कायदा रचला, तेव्हा ही तरतूद कलम २५ म्हणून तिथे नेली.

या स्टीफनसाहेबांनी पुढे लिहिलेल्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात एक आठवण आहे. हिंदुस्थानातले पोलीस आरोपीचा छळ का करतात, या प्रश्नावर एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याने त्यांना दिलेले उत्तर क्रौर्याबद्दल नव्हते, आळसाबद्दल होते. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणा गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे पडते, असा त्याचा आशय होता. मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. पोलीस राक्षस असतो म्हणून कायद्याने हे कलम घातलेले नाही. कबुलीजबाब चालतो म्हटल्यावर कुठलाही माणूस, अगदी भला माणूससुद्धा, तपास करणे सोडून देईल, ही त्यामागची धास्ती आहे.

या तटबंदीला एक खिंडार मात्र पहिल्यापासून ठेवलेले होते, ते कलम २७ चे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरती माहिती पुराव्यात घेता येते. टंकलेखनाच्या दिवसांत माझी बोटे सर्वांत जास्त चालली ती याच कलमाखाली होणाऱ्या निवेदन पंचनाम्यांवर. आरोपीने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की, हत्यार मी लपवून ठेवले आहे, सोबत चला, काढून देतो. आरोपी अशिक्षित शेतमजूर असो की शहरातला पदवीधर, वाक्य तेच. ‘स्वखुशीने’ हा शब्द तर इतका पाठ झाला होता की, मूळ कागद न पाहता मी तो टंकत असे. कोठडीत तिसऱ्या दिवशी बसलेला माणूस कुठल्या खुशीने बोलला असेल, हा विचार वकीलसाहेबांना सुचला तरी पंच फितूर होईपर्यंत त्याचा उपयोग नसे.

दल मात्र होते तसेच राहिले. लॉर्ड कर्झनने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने १९०२-०३ मध्ये देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि पोलिसांची कार्यक्षमता नाही आणि लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी समजतात, असा निष्कर्ष स्वतः सरकारच्या हाती दिला. परक्या सरकारचा पोलीस परकाच. त्याची लाठी खाल्लेला माणूस गावात मान मिळवी.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटायला हवे होते. ते महाराष्ट्रात लगेच पालटले नाही, कारण २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी झालेला गोळीबार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. तिथे आता हुतात्मा चौक आहे. सरकार आपले, शिपाईही आपलाच, आणि गोळी लागलेलाही आपलाच. राग मात्र शिपायापेक्षा मोरारजीभाईंवर अधिक निघाला, आणि ते रास्तही होते.

कारण मुंबईचा शिपाई हा कुणी वेगळ्या मुलखातून आणलेला माणूस नव्हता. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावातून निघालेल्या दोन भावांपैकी एक गिरणीत लागे आणि एक पोलिसात. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत गिरणी कामगार आणि पोलीस शेजारी शेजारी राहत. अर्धी निळी विजार, डोक्यावर पिवळी टोपी, हातात दंडुका असा हा शिपाई लोकांच्या लेखी भीतीपेक्षा थट्टेचा विषय होता. तमाशाच्या वगात तो कोतवालाच्या मागे झोपा काढत हिंडे. ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्याला शहरी रंगमंचावर आणले, आणि १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ने त्याचे नावच पाडले. आजही कॉन्स्टेबलला ‘पांडू’ म्हणतात ते दादा कोंडक्यांमुळे. या हसण्याला मी कमी लेखत नाही. ज्याला माणूस हसतो, त्याला तो देव मानत नाही.

पण सगळीकडे हसू नव्हते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात जे घडले, त्याने या देशाचा कायदा बदलला. चौदा ते सोळा वर्षे वयाची एक आदिवासी, मजुरी करणारी मुलगी. तिच्या भावानेच दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी ती घरच्यांसोबत ठाण्यात आलेली. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितले, तिला थांबवून घेतले. बाहेर घरचे वाट पाहत उभे होते. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून लागले. हाका मारून उत्तर येईना तेव्हा लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि पोलिसाने आपल्यावर बलात्कार केल्याचे तिने सांगितले. संतापलेल्या जमावाने ठाणे पेटवण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे तिची तक्रार कागदावर आली.

सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा जबरदस्ती सिद्ध होत नाही, असा तो युक्तिवाद. रात्री, दाराला कडी, आत दोन गणवेशधारी, आणि मुलगी ओरडली का नाही, हा प्रश्न!

वर्षभर या निकालाची फारशी वाच्यता झाली नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाला दिसू नये, याचा जाब त्यांनी विचारला. १९८० च्या महिला दिनी मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाने ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला, किमान दहा वर्षांची शिक्षा आली, आणि अशा प्रकरणात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. मुलीला स्वतःला यातून काही मिळाले नाही. तिच्या प्रकरणातला निकाल तसाच राहिला.

१८६१ चा अविश्वास साहेबांनी वरून लिहिला होता. १९८३ चा लोकांनी लिहून घेतला. माझ्या मते पोलिसी बळाकडे पाहण्याच्या आपल्या इतिहासातला हा सर्वांत उंच बिंदू आहे. आणि वळणही तिथेच, त्याच दोन-तीन वर्षांत आहे.

१९८२ चे साल पाहा. ११ जानेवारीला वडाळ्यात, आंबेडकर महाविद्यालयापाशी, मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली ‘चकमक’ म्हणून तिचे नाव घेतले जाते. बरोबर आठवड्याने, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आणि १८ ऑगस्टला, संपाला सात महिने झाले असताना, मुंबईच्या शिपायांनीच बंड केले. पगार, घरे, साहेबाघरची वेठ, अशा त्यांच्या मागण्या होत्या आणि त्यांची संघटना होती. सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना उचलले. चाळीतले शिपाई रस्त्यावर उतरले, त्यांना संपकरी कामगार येऊन मिळाले आणि शहर काबूत आणायला लष्कर बोलवावे लागले. संघटना संपली. कित्येक शिपायांची नोकरी गेली. गिरण्यांचे काय झाले ते ठाऊकच आहे.

या तीन तारखा मी कधी कुठे एकत्र मांडलेल्या पाहिल्या नाहीत, पण मला त्या एकत्रच दिसतात. त्या वर्षी चाळीतल्या पांडूचे, आपल्यातल्या माणसाचे, तोंड बंद झाले. त्याच वर्षी कमरेला पिस्तूल लावलेला अधिकारी लोकांच्या नजरेत भरायला लागला. गिरण्या बंद पडल्यावर रिकाम्या हातांची पोरे टोळ्यांकडे वळली आणि टोळ्या वाढल्या, तशी लोकांना त्या अधिकाऱ्याची गरज भासू लागली.

हे वळण सर्वांत आधी ओळखले ते विजय तेंडुलकरांनी. १९७२ च्या डिसेंबरात, म्हणजे देसाईगंजच्याच साली, त्यांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावर आणि ब्राह्मणांच्या बदनामीवर. कोंडून मेलेल्या माणसांवर कुणी फारसे बोलले नाही. अकरा वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनीच पटकथा लिहिलेला ‘अर्धसत्य’ आला. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. त्यातला फौजदार अनंत वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारतो, इतका की तो मरतो. मग स्वतःला वाचवण्यासाठी ज्या रामा शेट्टीच्या विरोधात तो उभा होता त्याच्याच दारी जातो, आणि अपमान सहन न होऊन त्याचा गळा आवळतो. मी हा चित्रपट शाळकरी वयात तालुक्याच्या थिएटरात पाहिला. गळा आवळताना अख्खे थिएटर टाळ्यांनी दणाणले होते. त्याआधी कोठडीत मेलेल्या चोराच्या वेळी मात्र शांतता होती, आणि ती दुःखाची होती असे मला वाटत नाही. ती बहुधा ‘पुढे काय’ची होती. तेंडुलकरांनी दोन्ही खून एकाच हाताने करवले होते. आम्ही त्यांतला एक वेचून घेतला.

नव्वदीच्या दशकाने ही टाळी पक्की केली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्यांपैकी ३५६ पोलीस गोळीबारात. आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर ठपका ठेवला. पण तो अहवाल १९९८ मध्ये येईपर्यंत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट होऊन गेले होते, २५७ बळी गेले होते, खंडणीचे फोन मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचले होते. लोक खरोखर घाबरलेले होते. त्यांची भीती खोटी होती, असे आज आरामात बसून म्हणणे अन्यायाचे होईल. साक्षीदार फुटत, खटले दहा-दहा वर्षे चालत, गुंड जामिनावर सुटून येत. अशा वेळी वर्तमानपत्रांत चकमकफेम अधिकाऱ्यांच्या मुलाखती आणि त्यांनी मारलेल्यांचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे छापले जाऊ लागले. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या सुमारे ९९ चकमकींत अंदाजे १३५ माणसे मेली. त्या खऱ्या होत्या का, या प्रश्नावर चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ कलमी नियमावली घालून दिली. प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकारी चौकशी करा, आणि शौर्याची बढती घाईने देऊ नका. शेवटचा मुद्दा लिहावा लागला, यातच सगळे आले.

इकडे कायद्यानेही आपला जुना संशय सैल केला होता. १९८७ च्या टाडाने अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला. टाडा १९९५ मध्ये संपला, पण महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का आणून तीच सोय अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला दिली. दर्जा वरचा म्हणजे हात स्वच्छ, हा त्यामागचा समज. स्टीफनना भेटलेल्या त्या अधिकाऱ्याने यावर काय म्हटले असते, कोण जाणे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल रेल्वे स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवले, तेव्हा मोक्काखालचे कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले मजकूर एकमेकांशी जुळणारे असल्याचे निकालात नमूद केले. निकालपत्राबद्दलच्या बातम्या वाचताना मला तो जुना ‘स्वखुशीने’ आठवला. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे आणि सरकारचे अपील उभे आहे. तेव्हा अखेरचा शब्द अजून यायचा आहे. पण १८० हून अधिक माणसे गेली आणि एकोणीस वर्षांनीही दोषी कोण ते ठरलेले नाही. सावलीत बसून केलेल्या तपासाची किंमत शेवटी मृतांच्या घरच्यांनी मोजली.

त्याच २००६ साली ११ नोव्हेंबरला मुंबईत एका गुंडाला पोलिसांनी उचलले. त्याचा भाऊ वकील. त्याने तातडीने पोलीस आयुक्तांसह वरिष्ठांना तारा व फॅक्स पाठवले की माझ्या भावाला नेले आहे. संध्याकाळी वर्सोव्याला चकमक झाल्याचे जाहीर झाले. त्या तारा आणि फॅक्सच्या वेळांवर पुढचा सगळा खटला उभा राहिला. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने खाली सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. तेही प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे.

उलट बाजूचे उदाहरण आपण रोज सलाम करतो आणि तरी नीट पाहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. त्याचा कबुलीजबाब फेब्रुवारी २००९ मध्ये नोंदवला गेला तो पोलिसांसमोर नव्हे, दंडाधिकाऱ्यासमोर, विचार करायला वेळ देऊन. म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. कट कुठे शिजला, माणसे कुठे तयार झाली, हे जगापुढे आले ते त्या जिवंत माणसामुळे. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळाले. पण त्यांच्यावर चकमकफेम अधिकाऱ्यांसारखे चित्रपटांमागून चित्रपट निघाले नाहीत.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवले, हे कळल्यावर २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. रोष आरोपीवर होता तितकाच पोलिसांवर होता, आणि संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवून रूळ मोकळे केले. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना पोलीस गाडीत त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले होते, असे पोलिसांनी सांगितले. मिठाई वाटल्याच्या बातम्या आल्या, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. दोन तारखांमध्ये चौतीस दिवसांचे अंतर आहे.

ज्या पोलिसांना तक्रार लिहून घ्यायची बुद्धी झाली नाही, म्हणून लोकांनी रेल्वे रोखली, त्याच पोलिसांनी पिस्तूल चालवले तेव्हा ते अचूक न्याय करतात, असे चौतीस दिवसांत कसे पटले? माझे उत्तर असे की, ते पटलेले नव्हतेच. मुलींच्या बाबतीत न्यायालयातून काही मिळेल ही आशा सुटलेली होती, आणि मिळाले ते घेतले. १७९१ च्या पुण्यात जमावाला कोतवाल हवा होता, २०२४ मध्ये कोतवालाच्या हातून दुसरा कुणी. दगड कुणाच्या हाती, एवढाच फरक.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. गाडीतल्या पाच पोलिसांना त्याने मृत्यूला जबाबदार धरले आणि त्यांनी सांगितलेल्या स्वसंरक्षणाच्या कारणावर संशय घेतला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. तो तपास पुढे काय व्हायचा तो होईल. मुलींचा खटला मात्र त्या आरोपीपुरता २३ सप्टेंबरलाच संपला. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला पुढे चालत नाही. त्या दोन मुलींनी जे सांगितले ते त्याच्याविरुद्ध खरे मानले, असे कुठल्याही न्यायालयाने लिहिलेले नाही, आणि आता लिहिताही येणार नाही.